थोडं कमी

बावीस वर्षांत मला कुणी आवाज कमी करायला सांगितलं नव्हतं.
पोलीस सोडून.
हळदीच्या रात्री नवरदेवाचे मित्र गाडीवर चढतात,
"वाढव रे!"
एवढंच ऐकत अर्धं डोकं पांढरं झालं,
डावा कान तर गेल्यातच जमा.

आणि परवा भुसावळला,
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर,
मे महिना, दुपारचा पारा सेहेचाळीस,
रात्री दहालाही खुर्च्यांचं प्लास्टिक कोमट,
तो सॅक्सोफोनवाला वाकून म्हणाला,
"दादा, थोडं कमी."

नाव डेस्मंड. आजोबा म्हणे इथलेच, इंजिन हाकायचे,
आणि शनिवारी बायकोला घेऊन
मागच्या हॉलच्या लाकडी जमिनीवर नाचायचे.
सोबत इरावती नावाची मुलगी, गिटार घेऊन.
उकाड्यानं तारा सारख्या उतरायच्या,
दर गाण्याआधी ती त्यांची समजूत काढत बसे,
रुसलेली लेकरं जेवायला बसवावीत तशी.
ड्रमवर यावलचा शरीफ तडवी.
हातात काठ्या नाहीत, तारांचे कुंचले.
तो वाजवत नव्हताच,
सुपात दादर पाखडत होता.

माझे चार हजार वॅटचे टॉप, टेम्पोभर बेस,
आणि हे म्हणतात, आणखी थोडं कमी.

मध्येच मालगाडी आली. कोळशाची, संपता संपेना.
दोघांनी हात खाली घेतले,
शरीफनं तेवढा चाकांचा ठेका धरून ठेवला.
गार्डाचा डबा गेला
आणि डेस्मंडनं सूर ठेवला होता तिथूनच उचलला.
ताटावरून उठून कुणी दार उघडून येतं
आणि तोच घास पुन्हा हातात घेतं, तसा.

शेवटच्या रांगेत माझा बाप.
उखर्डू मास्तर, एरंडोलच्या न्यू प्रकाश बँडचे
पहिले क्लॅरिनेट.
सोळा माणसं, सोळा लाल कोट.
मी कर्ज काढून डीजे घेतला
त्या वर्षापासून त्यांना सुपारी येईना.
माझं पहिलं लग्नही त्यांच्याच जुन्या गिऱ्हाइकाचं.
ह्यावर आम्ही बोललेलो नाही.
एका कोटाचं कापड अजून
घरच्या कूलरच्या पाइपला गुंडाळलेलं आहे.
आज गाडी भरताना
काही न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले होते.

शेवटच्या गाण्याला पुन्हा तोच हात वर, बोटं खाली.
मी कमी करत गेलो.
तीन. दोन.
फेडर तळाला टेकला.
कुणी वळून बघितलं नाही.
रावेरचे केळीवाले, ड्यूटीवरून थेट आलेला एक ड्रायव्हर,
बर्फाचा गोळा हातात विरघळू देणारी एक पोरगी,
सगळे नुसते पुढे सरकले खुर्चीत,
चार बोटं, फार तर.
माझ्या बोर्डावरचे दिवे सगळे हिरवे,
आणि मला काही काम नव्हतं.
गिटारवर तिची नखं वाजत होती, तीही ऐकू येत होती.
डाव्या कानानंसुद्धा, असं मला वाटलं.
कदाचित वाटलंच असेल.

मास्तर माझ्या शेजारी कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.
"दम पुरस नही त्याले," म्हणाले.
मग बराच वेळानं,
"पन व्हट खरा शे."
एवढं कौतुक त्यांनी
सोळा माणसांत कुणाचं केल्याचं मला आठवत नाही.

दोन वाजता वायरी गुंडाळून गाडी काढली.
पाळधीपर्यंत कुणी बोललं नाही.
त्यांच्या तोंडात काहीतरी होतं, गालात फिरत होतं.
मला वाटलं, सुपारी.
समोरून ट्रक आला तेव्हा दिव्यात दिसलं,
ओठांत धरलेली वेताची पातळ पट्टी.
रीड.
कुठं ठेवली होती इतकी वर्षं?

मी बघतोय हे त्यांना कळलं.
"वली व्हवाले टाइम लागस,"
एवढंच म्हणून
त्यांनी ती पुन्हा तोंडात घेतली.

गाडीतला टेप लावायला हात गेला होता माझा.
तो तसाच गिअरवर ठेवला.